मोठेपणी एडीएचडी निघाला (किंवा शंका येतेय): आता पुढे काय करायचं

लाइट बिल भरायचंय हे सोमवारपासून माहितीये, ॲप फोनमध्ये आहे, पैसे खात्यात आहेत, काम दोन मिनिटांचं आहे, आणि तरी ते भरलं जातं शेवटच्या तारखेनंतर, दंडासकट. दर महिन्याला. हे वाचून "अरे हे तर माझंच" असं वाटलं असेल तर पुढचं वाचा. ज्यांना नुकतंच डॉक्टरांनी एडीएचडी आहे म्हणून सांगितलंय, किंवा रील्स बघून, नाहीतर पोराचं डायग्नोसिस होताना "माझं पण लहानपणी असंच होतं की" असं लक्षात आलंय, अशा मोठ्या माणसांसाठी लिहितेय. मला स्वतःला हे नोकरीला लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल जे खाली लिहिलंय ते डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं म्हणून, स्वतःच्या मनाने गोळी घ्यायला नाही.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणजे लक्षच नसतं असं नाही, लक्ष कुठे लावायचं, कधी काढायचं, आणि ठरवलेलं काम त्या क्षणी सुरू कसं करायचं, हा जो मेंदूतला कारभार आहे तो ढिला असतो. म्हणून तर आवडीचं काम असेल तर हाच माणूस जेवणखाण विसरून सहा तास बसतो आणि घरचे म्हणतात "बघा, मनात आलं की बरोबर जमतं याला". जमतं, पण मनात आणणं आपल्या हातात नसतं, तिथेच सगळी गोची आहे. काय करायला पाहिजे हे आपल्याला बहुतेक वेळा नीट माहिती असतं. कळतं पण वळत नाही, ते हेच. त्यामुळे अजून माहिती, अजून लेक्चर, अजून "उद्यापासून नक्की" याने फरक पडत नाही. जिथे काम करायचंय त्या जागी आणि त्या वेळी बाहेरून काहीतरी टेकू लागतो, माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

हे मेंदूच्या वाढीशी निगडित आहे आणि बऱ्याच अंशी घराण्यातून येतं, जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. अमेरिकेतल्या एनआयएमएच या मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २००७ मध्ये मुलांच्या मेंदूंचे स्कॅन तुलना करून दाखवलं होतं की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या वरच्या थराची वाढ साधारण तीन वर्षं मागे असते. जगभरात मुलांमध्ये अंदाजे ५ टक्के आणि मोठ्यांमध्ये २.५ टक्के असं प्रमाण धरतात. म्हणजे तुमच्या सोसायटीत चाळीस मोठी माणसं असतील तर सरासरी एखादा निघतो, बहुधा तोच जो मेंटेनन्स कायम उशिरा भरतो.

पायरी १: रील बघून शिक्का मारून घेऊ नका, पण शंका झटकून पण टाकू नका

चाव्या विसरणं, कंटाळा येणं, फोन सुटत नाही, हे आजकाल सगळ्यांचंच आहे. प्रश्न असा विचारायचा की हे कधीपासून आहे आणि याने किती नुकसान झालंय. डॉक्टर लोक जे डीएसएम-५ नावाचं मॅन्युअल वापरतात (२०१३ चं) त्यात दोन याद्या आहेत, एक लक्ष न लागण्याची ९ लक्षणांची आणि एक चुळबुळ-उतावळेपणाची ९ लक्षणांची. सतरा वर्षांच्या पुढे वय असेल तर दोन्हींपैकी एका यादीतली निदान ५ लक्षणं पाहिजेत, सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ, निदान दोन ठिकाणी म्हणजे घरी पण आणि कामावर पण, आणि त्यातली काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असायला पाहिजेत.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. शाळेत सगळं व्यवस्थित होतं आणि लॉकडाऊननंतर किंवा बाळंतपणानंतर किंवा नाइट शिफ्ट लागल्यापासून डोकं चालेनासं झालंय, तर आधी दुसरीकडे बघा. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, डिप्रेशन, सततची काळजी, या सगळ्यांत लक्ष उडतं आणि मूळ कारणावर उपचार केले की ते बरंच सुधारतं. उलट काही लोकांना दोन्ही असतं, एडीएचडीमुळे आयुष्यभर बोलणी खाऊन खाऊन त्यावर डिप्रेशन चढलेलं असतं, आणि उपचार मात्र वर्षानुवर्षं फक्त डिप्रेशनचे चाललेले असतात.

डब्ल्यूएचओची सहा प्रश्नांची एक चाचणी आहे, एएसआरएस म्हणतात तिला, नेटवर फुकट मिळते. पाच मिनिटांत होते. त्यात जास्त स्कोअर आला म्हणजे डायग्नोसिस झालं असं नाही, डॉक्टरकडे जायला हरकत नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक, बायकांसाठी खास. वर्गात बाकावर उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीतून बाहेर बघत बसलेली शांत मुलगी कुणाला दिसत नाही. "स्वप्नाळू आहे जरा" म्हणून सोडून देतात. तीच मुलगी पुढे लग्न, नोकरी, स्वयंपाक, पोराची शाळा हे सगळं अंगावर आलं की पस्तिशी-चाळिशीत कोसळते. बऱ्याच जणींना पाळीच्या आधीच्या दिवसांत सगळं आणखी विस्कटल्यासारखं वाटतं, ते पण डॉक्टरांना सांगा.

पायरी २: पुरावे गोळा करा

डॉक्टरांसमोर बसलं की आपल्याला काहीच आठवत नाही, किंवा एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर जात वीस मिनिटं संपतात. म्हणून आधी घरी एका कागदावर लिहून काढा, एकच कागद, दोन बाजू.

सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे जुनी प्रगतीपुस्तकं. माळ्यावरच्या ट्रंकेत असतात, आई लोक टाकत नाहीत. त्यातला शेरा बघा: "हुशार आहे पण लक्ष देत नाही", "वर्गात बडबड करते", "वही अपूर्ण", "अक्षर सुधारावे", "चंचल". वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बाईंनी तेच लिहिलेलं असतं. फोटो काढून ठेवा.

मग आईला, आत्याला, मोठ्या बहिणीला विचारा. पण "मला लहानपणी एडीएचडी होता का?" असं विचारलंत तर उत्तर येईल "छे, काहीतरीच काय, सगळी मुलं अशीच असतात". त्याऐवजी बारीक बारीक विचारा. छत्र्या किती हरवल्या? डबा शाळेतच राहायचा का? गृहपाठाला कोण घेऊन बसायचं, आणि नसतं बसलं तर झाला असता का? घरात काय नाव ठेवलं होतं, धांदरट, वेंधळी, आरंभशूर? क्लास किती लावले आणि किती सोडले? अशा गप्पा सुरू झाल्या की माहेरच्या माणसांना थांबवावं लागतं.

मोठेपणाचं पण लिहा, आणि आकड्यांत लिहा. वर्षभरात लेट फी किती गेली, किती नोकऱ्या बदलल्या आणि का, गाडीचे दंड, अर्धवट सोडलेले कोर्स, शेवटच्या रात्री जागून केलेली सबमिशन. जोडीदार किंवा रूममेट असेल तर चार ओळी त्यांच्याकडून लिहून घ्या, कारण आपल्याला आपलं सगळं नॉर्मलच वाटत असतं.

पायरी ३: कुणाकडे जायचं

डायग्नोसिस आणि औषध दोन्ही देऊ शकतो तो सायकियाट्रिस्ट, म्हणजे एमबीबीएस करून मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, थेरपी करतात, औषध देत नाहीत. त्यांच्याकडे आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, यात संकोच करायचं कारण नाही. नुसता "काउन्सेलर", "माइंड कोच" असला बोर्ड असेल तर डायग्नोसिससाठी तिकडे नको.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा, "मोठ्यांचं एडीएचडी बघतात का सर?" हा एक प्रश्न तुमचे पैसे आणि मनस्ताप वाचवतो. अजूनही काही जुने डॉक्टर सांगतात की हे लहान मुलांचं असतं, मोठेपणी जातं. काहींचं कमी होतं हे खरं, पण बऱ्याच जणांत उड्या मारणं तेवढं कमी होतं आणि आतली चुळबुळ, विसराळूपणा, काम सुरू न होणं तसंच राहतं. असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका, दुसरे डॉक्टर बघा.

प्रायव्हेट परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, कोल्हापुरात सीपीआर, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, अर्धा दिवस जातो हे धरून चला, आणि सोबत कुणीतरी न्या कारण तीन तास बाकावर बसून राहणं ही आपल्या लोकांसाठी शिक्षाच आहे, मध्येच उठून घरी यावंसं वाटतं. जिल्ह्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. कुठे जावं तेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, २०२२ पासून चालू झाला, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं.

कुठलीही रक्ततपासणी, एमआरआय, ईईजी करून एडीएचडी "दिसत" नाही. डॉक्टर रक्त तपासायला सांगतील ते थायरॉइड वगैरे बाकीची कारणं बाजूला काढायला. "ब्रेन मॅपिंग करून शंभर टक्के सांगतो" म्हणणारा भेटला तर पाकीट खिशातच ठेवा. डायग्नोसिस होतं ते बोलून, इतिहास ऐकून, प्रश्नावल्या भरून. केसपेपरवर एफ-९० किंवा हायपरकायनेटिक असं काहीतरी लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते आयसीडीच्या, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीच्या, जुन्या आवृत्तीतलं त्याचंच नाव.

पायरी ४: औषध, ज्याबद्दल सगळ्यांना सगळ्यात जास्त भीती असते

आपल्याकडे मुख्य दोन औषधं चालतात, मेथिलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन.

मेथिलफेनिडेट हे स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारं औषध आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं जी पटकन परत ओढून घेतली जातात ती थोडी जास्त वेळ राहतात, असं त्याचं काम. तासाभरात परिणाम सुरू होतो. साधी गोळी साधारण चार तास चालते, हळूहळू सुटणारी गोळी आठ तास किंवा जास्त. हे औषध काही नवीन नाही, १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझॉन या केमिस्टने बनवलं होतं आणि त्याच्या बायकोच्या रीटा या टोपणनावावरून ब्रँडचं नाव रिटालिन पडलं. म्हणजे तुमच्या आजीच्या काळातलं आहे, भूक, झोप, नाडी यांवर काय होतं ते बऱ्यापैकी माहिती आहे: भूक मरते, झोप लांबते, डोकं दुखतं, ठोके आणि बीपी थोडं वाढतं. म्हणून सुरू करायच्या आधी बीपी मोजलं जातं, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तुम्हाला काचबिंदू असेल, आधी कधी मॅनियाचा एपिसोड (बरेच दिवस अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणं) झाला असेल, गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगायचं.

ॲटोमॉक्सेटिन स्टिम्युलंट नाही. ते रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात. इथेच आपले लोक कंटाळून दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात आणि "औषध लागू पडलं नाही" म्हणून सांगत फिरतात. मळमळ, तोंड कोरडं पडणं, सुस्ती हे सुरुवातीला होऊ शकतं.

आता मेडिकलवाल्याचा भाग, जो कुणी आधी सांगत नाही. मेथिलफेनिडेट शेड्युल एक्समध्ये येतं. म्हणजे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि त्याला ती दोन वर्षं जपावी लागते, आणि त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये हे मिळणार नाही, तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल तेवढंच. कुठे मिळतं ते डॉक्टरांनाच विचारा, मोठ्या हॉस्पिटलला लागून असलेल्या दुकानांत शक्यता जास्त, आणि निघायच्या आधी फोन करून स्टॉक विचारा. २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्सप्रमाणे शेड्युल एक्सची औषधं व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष जावंच लागतं. शेवटच्या पाच गोळ्या उरल्या की धावपळ करण्यापेक्षा दहा उरल्या तेव्हाच अलार्म लावा, कारण अपॉइंटमेंट मिळणं, प्रिस्क्रिप्शन, दुकानात स्टॉक असणं, या तिन्हींत एक तरी गोष्ट अडकते. विसराळू माणसाच्या औषधाला नियम मात्र सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचे, असो.

अमेरिकेतून परत येणाऱ्यांसाठी: ॲडरॉल आणि त्या ॲम्फेटामिन जातीतली औषधं भारतात मिळत नाहीत. तिकडच्या डॉक्टरांशी निघायच्या आधी बोलून इथे मिळेल अशा औषधावर यायचं बघा, इथे उतरल्यावर नाही. आणि इथून आखाती देशांत वगैरे जाताना गोळ्या सोबत न्यायच्या असतील तर नियम कडक आहेत, आधी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा, परवानगी लागत असेल तर ती आधीच घ्या, आणि प्रिस्क्रिप्शन हँडबॅगेत ठेवा.

"व्यसन लागेल" ही भीती घरून हमखास येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितलेल्या डोसमध्ये घेतलेल्या उपचाराने पुढे व्यसन लागायची शक्यता वाढते असं अभ्यासांत दिसत नाही. गैरवापर होऊ शकतो हे खरंच आहे, म्हणून तर इतके नियम. तुमची गोळी परीक्षेला बसलेल्या मावसभावाला देऊ नका, एक पण नाही, ते बेकायदेशीर तर आहेच पण त्याच्या हृदयाचं काय आहे ते तुम्हाला माहिती नाही.

छोट्या व्यावहारिक गोष्टी. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता करा, पोहे-उपमा काहीही, कारण दुपारी भूक लागणार नाही आणि संध्याकाळी औषध उतरलं की अचानक चिडचिड होते ती अर्धी भुकेची असते. सुरुवातीचे दिवस चहा-कॉफी कमी ठेवा, धडधड कशाने होतेय ते कळलं पाहिजे. रोज एक ओळ लिहा: किती वाजता घेतली, काय काम झालं, झोप कशी होती. डोस ठरवायला डॉक्टरांना हाच कागद लागतो.

आणि अपेक्षा नीट ठेवा. औषधाने काम सुरू करणं सोपं होतं, कुठलं काम करायचं ते गोळी ठरवत नाही. गोळी घेऊन इन्स्टाग्राम उघडलंत तर अतिशय एकाग्रतेने इन्स्टाग्राम बघाल.

पायरी ५: घर आणि दिवस असा लावा की लक्षात ठेवावंच लागणार नाही

इथे खरा फरक पडतो, औषध घेत असाल तरी आणि नसाल तरी. तत्त्व एकच, डोक्यात काही ठेवायचं नाही. जे दिसत नाही ते आपल्यासाठी नसतंच, आणि वेळ आपल्याला दोनच कळतात, "आत्ता" आणि "नंतर".

दाराजवळ एक खुंटी, चाव्या फक्त तिथे. पाकीट, आयकार्ड, हेल्मेट त्याच्याच खाली. उद्या न्यायची वस्तू चपलेवर ठेवा, अक्षरशः चपलेवर, म्हणजे ती उचलल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. फ्रिजमध्ये भाज्या खालच्या ड्रॉवरमध्ये कुजतात कारण दिसत नाहीत, त्या मधल्या फळीवर पारदर्शक डब्यांत आणा आणि कोल्ड्रिंक खाली टाका. कपड्यांची खुर्ची प्रत्येक घरात असते, तिच्याशी भांडण्यापेक्षा तिथेच एक मोठी टोपली ठेवा. गोळ्या कपाटात नको, चहाच्या डब्याशेजारी किंवा टूथब्रशशेजारी (घरात लहान मूल असेल तर त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर), वारांचे कप्पे असलेल्या डबीत, म्हणजे "आज घेतली का नाही" हा प्रश्न डबीच सोडवते.

दूध. गॅसवर दूध ठेवून "तोवर एक मिनिट" म्हणून दुसऱ्या खोलीत गेलेल्यांचं काय होतं ते आपल्याला माहितीये. शिट्टीचा मिल्क कुकर घ्या, किंवा नियम करा की गॅस चालू असेपर्यंत ओटा सोडायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजणं पण आपल्याकडून होत नाही, टायमर लावायचा. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण घरातली निम्मी भांडणं याच्यावरूनच होतात.

पैसे: जे जे दर महिन्याला जातं ते सगळं ऑटोपेवर टाका, बिलं, ईएमआय, एसआयपी, विमा, आणि तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची. सोसायटीचा मेंटेनन्स बँकेतून स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने जातो, सेक्रेटरीला एकदा विचारा. शॉपिंग ॲपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. रात्री अकरानंतर काही मागवायचं नाही, कार्टमध्ये टाकून झोपायचं, सकाळी त्यातलं निम्मं का घेत होतो तेच कळत नाही.

वेळ: प्रत्येक खोलीत काट्यांचं घड्याळ, बाथरूममध्ये सुद्धा. फोनमध्ये वेळ बघायला गेलं की आपण वीस मिनिटांनी बाहेर येतो आणि वेळ बघायची राहिलेलीच असते. "नऊला ऑफिस" असा अलार्म लावून उपयोग नाही, अलार्मचं नाव त्या क्षणी करायची कृती पाहिजे: "आंघोळीला जा", "चपला घाल". आणि आपण कुठल्याही कामाला जेवढा वेळ धरतो त्याच्या दीडपट धरा, मग मुंबईत असाल तर अजून थोडा.

काम सुरू होत नाही, हे सगळ्यांत अवघड. काम इतकं लहान करा की नाही म्हणायला लाज वाटेल. "रिपोर्ट लिहिणे" हे काम नाही, "फाइल उघडून तिला नाव देणे" हे काम आहे. ते झालं की पुढचं. आणि दुसरं, शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे. त्याने मदत करायची नाही, नुसतं आपापलं काम करत बसायचं. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात, आपल्याकडे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पोरं कित्येक वर्षं हेच करतायत, घरी टेबल-खुर्ची असून पैसे भरून तिथे जाऊन बसतात कारण शेजारचा मान खाली घालून वाचत असतो. घरून काम असेल तर मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावा, दोघी म्यूटवर, पन्नास मिनिटं. आचरटपणा वाटतो, पण एकदा करून बघा.

ऑफिसमध्ये तोंडी सांगितलेलं काही धरू नका. मीटिंग संपली की लगेच मेसेज: "आत्ता ठरलं ते असं, काही चुकलं असेल तर सांगा". बॉसला वाटतं फार व्यवस्थित माणूस आहे, आपण फक्त स्वतःचा जीव वाचवत असतो. मोठ्या कामाची डेडलाइन महिन्यानंतरची असेल तर मधल्या तारखा स्वतःशी नको, दुसऱ्या माणसाशी ठरवा, "शुक्रवारी तुला कच्चा ड्राफ्ट दाखवते". स्वतःला दिलेला शब्द आपण बिनदिक्कत मोडतो, दुसऱ्याला दिलेला मोडताना लाज वाटते, त्या लाजेचा फायदा घ्यायचा.

ऑफिसात सांगावं का? माझं मत, घाई करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे, त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) आहे पण एडीएचडी असं वेगळं नाव नाही, त्यामुळे नुसत्या डायग्नोसिसच्या जोरावर हक्काने काही मागता येईलच असं नाही. नाव न घेता पण गरज सांगता येते, "मला लेखी दिलं तर जास्त चांगलं जमतं", "दोन तास हेडफोन लावून बसते, अर्जंट असेल तर फोन करा". बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं.

हे सगळं एकदम करू नका. आपल्या लोकांची खोड माहितीये, आज रात्री दोन वाजेपर्यंत जागून नवीन प्लॅनर, रंगीत पेनं, आठ ॲप्स, आणि पंधरवड्याने सगळं बंद. या आठवड्यात फक्त खुंटी. ती बसली की पुढचं. आणि कुठलीही युक्ती काही दिवसांनी शिळी होते, डोळ्यांना दिसेनाशी होते, ते तुमचं अपयश नाही, नाविन्य संपलं की असं होतंच. अलार्मचा आवाज बदला, पाटीची जागा बदला, डायरीवरून व्हाइटबोर्डवर या.

पायरी ६: घरच्यांशी

आई म्हणणार "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, नुसता आळस आहे". एका बैठकीत पटवायला जाऊ नका. बऱ्याचदा वडिलांचं किंवा एखाद्या काकाचं पण असंच असतं, पायाला भिंगरी, दहा धंदे करून बघितलेले, आणि म्हणून तर घरात ते नॉर्मल वाटतं. हळूहळू पटतं.

जोडीदाराचं वेगळं आहे. त्यांनी इतकी वर्षं तुमच्या वाटचं लक्षात ठेवलेलं असतं आणि ते दमलेले असतात, त्यांना "माझा मेंदूच असा आहे" हे वाक्य ऐकवून काही मिळत नाही. कामं अर्धी-अर्धी वाटण्यापेक्षा प्रकारावर वाटा. रोज ठरलेल्या वेळी होणारं आणि विसरलं तर महागात पडणारं काम (पोराची औषधं, शाळेची फी) एकतर ऑटोमॅटिक करा नाहीतर दुसऱ्याकडे द्या, आणि त्या बदल्यात धावपळीचं, बाहेरचं, अचानक आलेलं सगळं तुम्ही घ्या, त्यात आपण चांगले असतो. रविवारी चहाबरोबर वीस मिनिटं दोघांनी कॅलेंडर उघडून पुढचा आठवडा बघायचा. फक्त बघायचा, मागच्या आठवड्याचा हिशोब त्यात काढायचा नाही.

पोरामध्ये पण दिसतंय? मग उशीर करू नका. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी औषध नाही, आई-वडिलांना वागणुकीचं ट्रेनिंग ही पहिली पायरी असते. सरकारी बाजूला आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी त्यांची डीईआयसी नावाची केंद्रं असतात, बहुतेक जिल्हा रुग्णालयात. मुलाला वाचन-लेखनाचा पण त्रास असेल तर लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी सोबत करून घ्या, दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती त्या सर्टिफिकेटवर मिळतात. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. हे दहावीत आल्यावर नाही, आधीच.

बाकीचं पटकन. थेरपी घ्यायची तर मोठ्यांच्या एडीएचडीसाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) करणारा शोधा, जो बालपणावर तासनतास बोलण्याबरोबर तुमचं कॅलेंडर पण उघडायला लावेल. व्यायामाने खरंच फरक पडतो, कुठला ते तुम्हाला कंटाळा न येणारा. झोप नीट नसेल तर वरचं सगळं निम्म्यावर येतं. साखर बंद केल्याने एडीएचडी जात नाही. ब्रेन टॉनिक, मेमरी कोर्स, मिडब्रेन ॲक्टिव्हेशन, यांच्यावर पैसे घालवू नका. आणि मन खूप खाली गेलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं तर तो एडीएचडीचा भाग म्हणून सोसत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना नाहीतर १४४१६ ला फोन.

फॉलोअपला जाताना तो रोजच्या एकेका ओळीचा कागद, बीपीचे आकडे आणि तीनच प्रश्न लिहून न्या. आणि पुढची तारीख मिळाली की क्लिनिकच्या दारातून बाहेर पडायच्या आधी, तिथेच उभं राहून, फोनमध्ये टाका, दोन रिमाइंडरसकट, एक आदल्या दिवशीचा आणि एक घरातून निघायच्या वेळेचा. रिसेप्शनवरचं कार्ड खिशात टाकू नका, पँटबरोबर धुतलं जातं.